खाणीवरची चौतीस नावं

सिस्टरनं खाणीवरच्या चौतीस बायकांची नावं स्वयंपाकघरात बसून भरली, तेव्हा तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता. पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी आणि मांडीवर नोंदवही. प्रत्येक नावापुढे ती तीच ओळ लिहीत गेली. स्तन तपासले, गाठ नाही. शेवटच्या पाच-सहा ओळींत हात इतका घाईला आला की 'गाठ' आणि 'नाही' एकमेकांना चिकटले.

त्याआधीच्या पावसाळ्यात ओढ्यावरचा पायी जायचा पूल वाहून गेला होता. पूल होता तोवर खाणीवरची वस्ती उपकेंद्रापासून पाऊण तासाच्या वाटेवर होती. पूल गेल्यावर डोंगराला पुरा वळसा. तिनं तीनदा वर कळवलं, गाडी द्या, नाहीतर पूल तरी करा. उत्तर आलं नाही. आलं ते स्मरणपत्र, की महिनाअखेर शंभर टक्के तपासणी पूर्ण झालीच पाहिजे. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी नीट जाऊन बघू, असं तिनं मनाला समजावलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

पुढचं वर्ष आलं ते नकाशा घेऊनच.

मोठ्या दवाखान्याच्या सभागृहात सगळ्या उपकेंद्रांच्या सिस्टर बोलावल्या होत्या. पंखे चालू होते, तरी खुर्च्या घामानं चिकटत होत्या. भिंतीवर नकाशाचा उजेड पडला होता आणि बाजूला वरच्या कार्यालयातून आलेल्या एक तरुण मॅडम हातात काठी घेऊन उभ्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज हळू.

"प्रत्येक दवाखान्याभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलंय," त्या म्हणाल्या. "जिथल्या बायका तपासून झाल्या, तो भाग हिरवा. जिथल्या राहिल्या, तो पांढरा. आणि हे लाल ठिपके म्हणजे ज्या बायका इस्पितळात फार उशिरा पोचल्या. छातीतला आजार सगळीकडे पसरल्यावर."

लाल ठिपके बहुतेक पांढऱ्या भागांत होते. मॅडमची काठी त्यांच्यावरून फिरली आणि एका हिरव्या तुकड्यावर येऊन थांबली. तिथे तीन ठिपके खेटून बसले होते.

"पांढऱ्यात लाल, हे समजतं. हिरव्यात का? ही खाणीजवळची वस्ती कोणाकडे आहे?"

सिस्टर उठली. खुर्ची साडीला चिकटून थोडी वर आली आणि खाली आपटली. दोघीतिघी हसल्या.

"बायका किती आहेत तिथे?"

"तिशीच्या पुढच्या चौतीस."

"आणि चौतीसही तपासलेल्या?"

"हो."

"मग गाठ हाताला लागली कशी नाही?"

मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. रागावल्या असत्या तर सिस्टरला मान खाली घालता आली असती.

पहिल्या रांगेतून दवाखान्याचे डॉक्टर साहेब म्हणाले, "आमच्या जुन्या सिस्टर आहेत. हात पक्का आहे. दाखवा हो, मॅडमना कसं तपासता ते."

टेबलावर शिकवण्यासाठी आणलेली रबराची छाती होती. आत कुठेकुठे मणी लपवलेले. सिस्टर पुढे गेली. तीन बोटं सपाट ठेवून तिनं काखेपासून सुरुवात केली. बारीक बारीक गोल, आधी हलके, मग दाबून, एक बोटभर जागा सोडायची नाही. सव्वीस वर्षांची सवय. बोटांना लाज वाटत नव्हती, ती आपलं काम करत होती.

"एक इथे. एक खाली. आणि हा तिसरा काखेकडे, खोल आहे."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "हात तर उत्तम आहे."

टाळ्या वाजल्या. कोणी मुस्कटात दिली असती तर बरं, असं सिस्टरला वाटलं.

जागेवर येऊन बसल्यावर शेजारच्या उपकेंद्राची सिस्टर कानाशी लागली. "कोण भरत नाही गं? झाकली मूठ आहे. गप बस."

मॅडम पुढे सांगत होत्या. छातीचा फोटो काढायचं मशीन असलेली एक गाडी येणार होती. या भागाला फक्त सहा मुक्काम मिळाले होते. यादी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पक्की होणार होती. "मुक्काम पांढऱ्या भागांना देतेय," त्या म्हणाल्या. "खाणीजवळ काम झालेलं आहे, तिथे गाडी घालवून उपयोग नाही."

घर म्हणजे उपकेंद्राच्या मागच्या दोन खोल्या. सिस्टर तिथे सासऱ्यांबरोबर राहायची. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती आणि मुलगा लांबच्या शहरात होता, रविवारी फोन करायचा. सासरे, म्हणजे आबा, जमीन मोजणीच्या खात्यात होते. चौऱ्याऐंशी वय, एका डोळ्यानं दिसायचं, आणि दुसऱ्या डोळ्याबद्दल ते म्हणत, "त्याला रजा मंजूर झालीय."

तिनं भात वाढला. आबांनी ताट जवळ ओढलं.

"बैठकीत काय झालं?"

"नकाशा दाखवला. यंत्रानं काढलेला."

"यंत्राला पाय असतात का?"

ती हसली नाही. आबांनी मान वर केली.

"आबा, खाण इथून किती लांब?"

"नकाशावर का पायांनी?"

"दोन्ही."

"नकाशावर साडेतीन किलोमीटर. मी स्वतः साखळी ओढलीय त्या रानात. पायांनी म्हणशील तर, पूल नाही ना आता? मग तू जाऊन ये आणि मला सांग."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "मी मागच्या वर्षी तिकडे गेलेच नव्हते, आबा. घरी बसून नावं भरली. या इथे."

आबा जेवत राहिले. भात संपला, तेव्हा ते म्हणाले, "मीही एकदा एक बांध खोलीत बसून मोजला होता."

"मग?"

"मग काही नाही. कोणी विचारलं नाही." त्यांनी पाण्याचा पेला चाचपून उचलला. "अजून कोणी विचारलेलं नाही."

सोमवारी सकाळी सहाला ती निघाली. गुडघ्याला पट्टी, पाठीवर पिशवी, पिशवीत नोंदवही, कापूस, मलमपट्टीचं सामान आणि पाण्याची बाटली. वाट आधी शेतांमधून जात होती, मग डोंगराच्या कडेनं चढत होती. उन्हाळा टोकाला आला होता. सात वाजताच माती तापली. खाणीचा रस्ता लागला तशी झाडांची पानं पांढरी दिसायला लागली, खडीच्या धुळीनं. खडीचे दोन ट्रक तिला ओलांडून गेले. दुसऱ्या चालकानं हॉर्न दिला, थांबला मात्र नाही. धूळ बसेपर्यंत ती पदर नाकाला लावून कडेला उभी राहायची आणि पुन्हा चालायची. उतारावर गुडघा जास्त दुखायचा. वस्तीच्या पहिल्या पत्र्यापाशी पोचली तेव्हा मोबाइलमध्ये आठ चाळीस झाले होते.

मुकादम सावलीत उभा होता. "लसवाल्या का?"

"नाही. बायका तपासायच्यात."

"काय तपासायचंय?"

"छाती."

मुकादमाचे कान लाल झाले. तो दगडांकडे बघत म्हणाला, "दुपारच्या सुट्टीत बघा. गाडी भरेपर्यंत कोणी हलायचं नाही."

दुपार व्हायला तीन तास होते. तिला जायचं होतं तिथे जायला पाय उचलत नव्हते, पण उन्हात उभं राहण्यातही अर्थ नव्हता.

तीन लाल ठिपक्यांतली एक बाई हिवाळ्यात गेली होती. दुसरी माहेरी निघून गेली होती. तिसरी होती शिट्टीवाली. सुरुंग उडवण्याआधी शिट्टी मारून माणसं लांब करायची, हे तिचं वीस वर्षांचं काम. धिप्पाड बाई, आवाज खणखणीत, मुकादमालाही एकेरी हाक मारणारी. आता ती दाराजवळच्या खाटेवर पडून होती आणि तिचं काम तिची मुलगी करत होती. खोली पत्र्याची, पण दाराला कडी होती. वस्तीत तेवढं एकच दार आतून लागायचं.

"या," शिट्टीवाली म्हणाली. आवाज तोच होता, फक्त अंगातून दूर गेल्यासारखा. "पूल बांधला का?"

"नाही."

"मग वळशानं आलात? त्या गुडघ्यानं?"

"हो."

"कमाल केलीत. बसा."

खोलीत जखमेचा वास होता. सिस्टरनं न विचारता पिशवी उघडली. पोलक्याच्या आत जुन्या साडीचा तुकडा खोचलेला होता, तो वाळून चिकटला होता. पाणी लावून लावून तिनं तो सोडवला. डाव्या बाजूला छाती अशी उरली नव्हती. शिट्टीवाली पत्र्याकडे बघत होती.

"दोन वर्षं झाली," ती सांगू लागली. "आधी वाटाण्याएवढी होती. म्हटलं, दगड उचलून शीर आली असेल. दुखत तर नव्हती. तुम्ही दरवर्षी यायच्या, म्हटलं सिस्टर आल्या की दाखवू. त्या वर्षी तुम्ही नाही आलात."

सिस्टरच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"दुसऱ्या कुणाला दाखवायचं जिवावर आलं. मोठ्या दवाखान्यात सगळे पुरुष. मग मोठी झाली, मग फुटली. आता इस्पितळवाले म्हणतात, आधी का नाही आलात. मी काय सांगणार? म्हटलं, वाट बघत होते."

सिस्टरनं जखम धुतली, मलम लावलं, कोरडी पट्टी बांधली. खरं काय ते सांगायचं ठरवून आली होती. "उद्या पुन्हा येते," एवढंच ती म्हणाली.

दुपारच्या सुट्टीत पाच बायका आल्या. शिट्टीवालीच्या खोलीत दोरीवर चादर टाकून आडोसा केला. बायकांच्या अंगावर खडीची पूड होती आणि पोलक्याच्या कडेपर्यंत गळा वेगळ्या रंगाचा दिसत होता. पहिली अंग आखडून उभी राहिली. दुसरीला गुदगुल्या झाल्या. तिसरी साठीची होती, ती म्हणाली, "इतक्या निगुतीनं तर नवऱ्यानंही कधी बघितलं नाही." चादरीच्या पलीकडे रांगेतल्या बायका हसल्या. खाटेवरून शिट्टीवालीही हसली आणि हसल्यावर कण्हली.

चौथी मात्र पोलकं घालता घालता म्हणाली, "मागच्या वर्षी आला असतात तर ही अशी पडली नसती."

सिस्टरनं चादर सारून पाचवीला आत बोलावलं.

मंगळवारी आठ बायका झाल्या, बुधवारी नऊ, आणि त्या नवांतल्या एकीला गाठ लागली. सिस्टर रोज सहाला निघायची आणि अंधार पडायच्या आत परतायची. रात्री आबा तिच्या गुडघ्याला तेल लावायला बाटली पुढे करायचे आणि विचारायचे, "आज किती?" ती वेळ सांगायची. दोन तास चाळीस. दोन तास पंचावन्न. बुधवारी तीन तास दहा, कारण वाटेत दोनदा बसावं लागलं. आबा ते जुन्या सवयीनं कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून ठेवायचे. दिवसभर बोलायला त्यांनाही कोणी नव्हतं आणि तिलाही. बायका तिच्यापुढे अंग उघडं करत होत्या, मन नाही. काम झालं की त्या तिच्याकडे न बघता पदर सारखा करून उन्हात निघून जायच्या.

चौतीस नावांपैकी एक मेलेली, तीन वस्ती सोडून गेलेल्या. उरल्या तीस, शिट्टीवाली धरून. गुरुवारी दुपारी एकोणतिसावी राहिली ती शिट्टीवालीची मुलगी. तेहेतीस वर्षांची, आईसारखीच उंच, पण खालच्या आवाजात बोलणारी. तिन्ही दिवस ती काही ना काही कारण काढून टळली होती.

"हिचं बघा," खाटेवरून शिट्टीवाली म्हणाली. "बायकांनी हाताला धरून आणलीय तिला."

मुलगी चादरीआड आली. शिट्टीवालीनं चादर बाजूला सारायला लावली. "मला दिसू दे."

सिस्टरनं डावी बाजू बघितली. मग उजवी. काखेजवळ बोटं थांबली. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा त्याच जागी बारीक गोल फिरवला. चिंचोक्याएवढी. कडक. बोटाखाली सरकत नव्हती.

शिट्टीवाली मुलीकडे बघत नव्हती. ती सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"लागली ना?"

"लागली. पण लहान आहे. लहान असताना कळली तर खूप काही करता येतं."

"माझी किती होती तेव्हा?" शिट्टीवालीनं विचारलं. "तुम्ही आला नाहीत त्या वर्षी? अशीच असेल, नाही?"

मुलगी पोलक्याची बटणं लावत होती. वरचं बटण खालच्या काजात गेलं, तिनं ते काढलं आणि पुन्हा चुकीचंच लावलं. सिस्टर जमिनीवर बसली. गुडघा वाकत नव्हता, म्हणून एक पाय लांब करून बसावं लागलं, एखाद्या लहान पोरीसारखं. तिनं पिशवीतून नोंदवही काढली.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली. "मी आले नाही, पण आले असं लिहिलं. सगळ्यांच्या नावापुढे. वर बसलेल्या लोकांना वाटतं इथलं काम झालंय. म्हणून मशीनची गाडी इथे येणार नाहीये. दुसरीकडे चाललीय."

शिट्टीवालीनं वहीकडे बोट केलं. मग म्हणाली, "माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

"तेच."

"वाचा."

"स्तन तपासले, गाठ नाही."

"आणि हिच्या?"

"तेच."

बाहेर कुणीतरी ओरडून माणसं लांब केली. सुरुंग उडाला. पत्रा थरथरला आणि वरून बारीक धूळ खाटेवर, वहीवर, तिघींच्या केसांवर पडली. मुलीनं आईच्या तोंडावरची धूळ पदरानं पुसली.

"कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं," शिट्टीवाली म्हणाली. शिवी दिल्यासारखं नाही, हिशेब लागल्यासारखं. "निघा तुम्ही."

सिस्टर उठली. खाटेच्या पायाला धरून उठावं लागलं. तिला हात द्यायला मुलगी पुढे आली नाही.

ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला. "ज्यांना सांगायचं त्यांना सांगणार आहात का? का माझ्यापाशीच मोकळ्या होऊन जाणार?"

"सांगणार आहे."

"गाडी कुठे जायची ते पक्कं कधी होणार?"

"उद्या संध्याकाळी."

"मग इथे काय उभ्या राहिलात?"

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसनं ती वरच्या कार्यालयात गेली. मॅडम टेबलाशी बसून डबा खात होत्या. त्यांनी डबा बंद केला आणि खुर्ची पुढे केली. सिस्टर बसली नाही. बसलं की धीर सुटेल असं तिला वाटलं.

"खाणीवरची वस्ती हिरवी नाहीये," ती म्हणाली. "मागच्या वर्षी मी तिथे गेले नव्हते. या चौतीस नोंदी खोट्या आहेत. या चार दिवसांतल्या एकोणतीस खऱ्या आहेत. दोघींना गाठ लागलीय, त्यांची नावं वर लिहिलीत."

मॅडमनी वही घेतली. पानं उलटली. एक पान जुनं, एक नवीन. नव्या पानांवर खडीच्या धुळीचे अंगठे उमटले होते.

"का गेला नाहीत?" त्यांनी विचारलं.

"पूल नव्हता. गुडघा दुखत होता." तिला स्वतःलाच ते फार छोटं वाटलं. तिनं आबांचा चिठोरा टेबलावर ठेवला. "जायला एवढा वेळ लागतो. तुमच्या वर्तुळात ती वस्ती साडेतीन किलोमीटरवर दिसते."

मॅडम चिठोऱ्याकडे बघत राहिल्या. चार वेळा, आबांच्या थरथरत्या अक्षरात.

"पूल गेलाय हे मला माहीतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी इथे बसून वर्तुळं काढली." त्यांनी संगणक आपल्याकडे वळवला. थोड्या वेळानं हिरवा तुकडा गेला. पांढऱ्यावर तीन ठिपके आधीपेक्षा जास्त लाल दिसत होते.

"मला हे वर कळवावं लागेल, सिस्टर. तुमच्याबद्दलही."

"माहीत आहे."

सोमवारी डॉक्टर साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांनी दार लावलं आणि म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात तो घेतलात, माझ्याही पायावर मारलात." चौकशी संपेपर्यंत तिला कामावरून दूर केल्याचा कागद त्यांनी पुढे सरकवला. तिनं सही केली. उपकेंद्राच्या किल्ल्या टेबलावर ठेवताना तिला वाटलं, साहेब सव्वीस वर्षांबद्दल एखादा शब्द बोलतील. ते फोनवर बोलू लागले होते.

शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरचा फोन आला. "तुझ्यामुळे आता सगळ्यांच्या वह्या तपासताहेत. बरं वाटलं ना?" त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि इतर कोणाचाही नाही. रविवारी मुलानं केला. "कशाला सांगितलंस, आई? निवृत्तीला चार वर्षं राहिली होती." ती म्हणाली, "जेवलास का?" तो म्हणाला, "विषय बदलू नकोस." मग त्यानं फोन ठेवून दिला.

आता दिवस मोठे झाले होते. ती पहाटे उठायची, भांडी घासायची, आबांचे कपडे धुवायची, आणि आठ वाजता करायचं काही उरायचं नाही. उपकेंद्राच्या पायरीवर लेकराला घेऊन कोणी बाई आली तरी कुलूप बघून परत जायची. मागच्या खोलीत सिस्टर आहे हे तिला ठाऊक असायचं. खिडकीतून सिस्टर तिची पाठ बघत राहायची.

"चूक केली का हो मी?" एकदा तिनं आबांना विचारलं.

"कुठली? पहिली का दुसरी?"

"दुसरी."

आबांनी विचार केला. "मला विचारू नकोस," ते म्हणाले. "मी ती कधी केली नाही."

गाडी खाणीवर येणार असल्याचं तिला कोणी कळवलं नाही. बसच्या थांब्यावरच्या चहावाल्याकडून समजलं. त्या दिवशी ती पाचलाच निघाली. बोलावलं नव्हतं, काम नव्हतं, पिशवीही घेतली नव्हती. हात मोकळे ठेवून चालायची तिला सवय नव्हती, कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

वस्तीच्या मोकळ्या जागेत पांढरी लांब गाडी उभी होती. मालकाकडे वरून निरोप गेला असावा, कारण खाण बंद होती आणि दगडांवर कोणाचा घाव पडत नव्हता. बायका अंघोळी करून, धुतलेल्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या. त्यांनी तिला पाहिलं. एक-दोघींनी मान हलवली, बाकीच्यांनी नजर वळवली. ती रांगेपासून लांब, एका दगडाशी उभी राहिली.

शिट्टीवालीला खाटेसकट बाहेर आणून गाडीच्या सावलीत ठेवलं होतं. पंधरा दिवसांत ती निम्मी झाली होती. तिचा फोटो काढायचा नव्हता, ती मुलीसाठी आली होती.

मुलीचा नंबर आला. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली. आतली तंत्रज्ञ बाई म्हणाली, "या, घाबरू नका." मुलगी हलली नाही. आतून मशीनचा घरघर आवाज येत होता. ती आईकडे बघू लागली, पण आईला उठता येत नव्हतं. मग तिची नजर दगडापाशी उभ्या असलेल्या सिस्टरवर गेली आणि तिथेच राहिली.

सिस्टर पुढे आली. पायरीपाशी तंत्रज्ञ बाईनं हात आडवा केला.

"तुम्ही आरोग्य खात्यातल्या का?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "सध्या नाही."

"मग नातेवाईक?"

मुलीनं खाली बघितलं. नाही म्हणायला सिस्टरनं तोंड उघडलं, तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"आमची कोणी नाही ती," शिट्टीवाली म्हणाली. तिला दम लागला. तिनं दोन श्वास घेतले. "पण येऊ दे तिला."

गाडीत गारवा होता. मशीन उंच होतं आणि त्याच्या दोन सपाट पट्ट्या उघड्या होत्या. मुलीनं पोलकं काढलं आणि ठेवायला जागा शोधू लागली. सिस्टरनं हात पुढे केला.

"दुखेल का?" मुलीनं विचारलं.

"दुखेल. दाबतात. थोडाच वेळ."

मुलीनं मान हलवली आणि मशीनला भिडून उभी राहिली. तंत्रज्ञ बाईनं सिस्टरला जाड पडद्यामागे आपल्याशेजारी उभं केलं. पट्टी हळूहळू खाली आली. पडद्यापलीकडे मुलीनं श्वास रोखल्याचं ऐकू आलं. सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हातातलं पोलकं अजून कोमट होतं, ते तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवलं.